बिथिनिया-पॉन्टस : मृत्युपत्रात आलेला प्रांत आणि त्याचं न तपासलेलं दप्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : धाकट्या प्लिनीने (हा रोमन लेखक आणि अधिकारी) रोमच्या ट्रेजन बादशहाला लिहिलेली पत्रं तुम्ही वाचताय, पण ती ज्या प्रांतातून लिहिली त्या बिथिनिया-पॉन्टसचा इतिहास जुळत नाहीये. एका पुस्तकात प्रांत इ.स.पू. 74 मध्ये झाला म्हणतात, दुसऱ्यात 63. कुठेतरी तो 'भेट मिळाला' असंही आहे. आणि लढाया केव्हाच संपलेल्या प्रांतात पावणेदोनशे वर्षांनी बादशहाला खास माणूस का धाडावा लागला? त्याने काही सुधारलं का?

आधी सांगून टाकतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. 31 वर्षं ग्रामपंचायती, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांचे हिशेब तपासले. निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला आणि या पत्रांशी अडकलो, कारण पहिल्या चार-पाच पत्रांतच मला आपल्या खात्याचा वास आला. तेव्हा उत्तर लेखापरीक्षकाच्या चष्म्यातून येणार, हे गृहीत धरा.

तारखेचा घोळ आधी मिटवू. तुम्ही प्रांत कशाला म्हणता त्यावर ते अवलंबून आहे. लॅटिनमधल्या 'प्रोविंकिया' या शब्दाचा मूळ अर्थ भूभाग नव्हताच. एखाद्या अधिकाऱ्याकडे सोपवलेलं काम, असा होता. काम सोपवलं तो दिवस धरलात तर 74. कायदा, शहरं, हद्दी ठरून कारभाराची घडी बसली तो दिवस धरलात तर 63 किंवा जरा पुढे. आपल्याकडे एखादा तालुका जाहीर होतो एका वर्षी आणि तहसील कचेरीला इमारत, शिक्का, शिपाई मिळतात चार वर्षांनी. दोन्ही तारखा खऱ्याच.

आता तुर्कस्तानचा नकाशा उघडा. इस्तंबूलच्या आशियाकडच्या काठापासून मार्मारा समुद्राला वळसा घालून काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याने पूर्वेला सॅमसनपर्यंत जा. हा आपला प्रांत. पश्चिमेचा बिथिनिया सुपीक आणि शहरांनी भरलेला : निकोमिडिया म्हणजे आजचं इझमित, निकाया म्हणजे इझनिक, प्रूसा म्हणजे बुर्सा. पूर्वेचा पॉन्टस म्हणजे मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तिथे अमास्ट्रिस, सिनोपी, अमिसस ही जुनी ग्रीक बंदरं.

बिथिनियाचा शेवटचा राजा चौथा निकोमिडीस. शेजारच्या पॉन्टसचा राजा मिथ्रिडेटिस याच्या भीतीने त्याचं राज्य रोमच्या टेकूवर उभं होतं. तरुण ज्युलियस सीझर जहाजं मागायला याच्याच दरबारी गेला आणि इतका रमला, की पुढे तीसेक वर्षांनी गॉलच्या विजयाच्या मिरवणुकीत त्याचेच सैनिक त्यावरून चावट गाणी म्हणत होते. तर हा निकोमिडीस वारला आणि मृत्युपत्रात राज्य रोमन जनतेला देऊन गेला. यात नवल नव्हतं. पर्गमच्या राजाने इ.स.पू. 133 मध्ये हेच केलं होतं. आपल्याला लगेच 1848 चं सातारा आठवतं. फरक असा, की साताऱ्याला दत्तक नाकारून राज्य खालसा केलं, इथे राजानेच लिहून दिलं होतं. तरी वारसाचा वाद इथेही निघालाच : राजाला नायसा राणीपासून मुलगा आहे, मृत्युपत्र खोटं आहे, असं मिथ्रिडेटिसच्या बाजूचं म्हणणं होतं. मालमत्ता मोठी असली की हे व्हायचंच.

हा सहावा मिथ्रिडेटिस बिथिनियात घुसला आणि भेट मिळालेला प्रांत ताब्यात घ्यायला रोमला दहा वर्षं लढावं लागलं. रोमचा कॉन्सल, म्हणजे वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी, कोट्टा खाल्केडॉनला, म्हणजे आजच्या कादिक्योयला, सपाटून हरला. पुढे त्याने हेराक्लिया शहर घेतलं आणि असं लुटलं, की रोममध्ये परतल्यावर त्याच्यावरच खटला भरला गेला. हा प्रसंग ध्यानात ठेवा. या प्रांताच्या कपाळी अधिकाऱ्यांवरचे खटले पहिल्यापासूनच लिहिलेले दिसतात. रोमन सेनापती लुकुलसने बाजी सावरली, त्याच्यानंतर आलेल्या पॉम्पीने संपवली, आणि 63 मध्ये मिथ्रिडेटिस काळ्या समुद्रापलीकडे मेला.

यानंतर पॉम्पीने जे केलं त्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पॉन्टसमधलं जे राज्य त्याला बिथिनियाला जोडायचं होतं ते त्याने अकरा शहरांत वाटून टाकलं. ही माहिती भूगोलकार स्ट्रेबो देतो आणि तो त्याच मुलखातल्या अमासियाचा. प्रत्येक शहराला आपापली हद्द, आपली खेडी, आपली सभा, आपले पदाधिकारी. वर एक कायदा : तीस वर्षांखालच्याने पद घेऊ नये, पद भूषवलेला माणूस सभेत बसावा, एका बिथिनियन शहराने दुसऱ्याच्या नागरिकाला आपलं नागरिकत्व देऊ नये, वगैरे. रोमला स्वतःची कचेरी उभारायचीच नव्हती. स्थानिक कारभार, खेड्यांवरची देखरेख, रस्ते, बाजार, पाणी हे शहरांनी बघायचं. वर रोमहून वर्षभरासाठी एक प्रोकॉन्सल, म्हणजे प्रांताचा गव्हर्नर, आपल्या मूठभर माणसांनिशी येणार. प्रांतात लष्कराची मोठी छावणीही नाही. म्हणजे प्रांत म्हणून जे काही होतं ते दहा-वीस नगरपालिकांचं गाठोडं.

पुढे अँटनीने आतला पॉन्टस राजेलोकांना वाटून टाकला आणि प्रांताच्या नावात 'पॉन्टस' असलं तरी हातात किनारपट्टीच राहिली. ऑगस्टसने इ.स.पू. 27 मध्ये हा प्रांत सिनेटकडे ठेवला. दरवर्षी नवा प्रोकॉन्सल, चिठ्ठ्या टाकून निवडलेला.

दरवर्षी नवा साहेब म्हणजे काय होतं ते मला विचारा. पहिले तीन महिने दौरे आणि सत्कार, मधले सहा महिने कामं, शेवटचे तीन महिने बदलीची तयारी. जुने आक्षेप नवा साहेब उघडत नाही, कारण ते त्याच्या काळातले नसतात. एका गावात मी एकाच पाण्याच्या टाकीवर सलग चार अहवालांत आक्षेप घेतला होता. चारही वेळा उत्तर आलं, 'संबंधित अधिकारी बदलून गेले आहेत.' टाकी तशीच कोरडी. बिथिनियात ही स्थिती शंभरावर वर्षं होती.

त्यात शहरांची आपसातली चुरस. निकोमिडिया आणि निकाया यांचं वैर 'पहिलं शहर' या बिरुदावरून. ऑगस्टसने आपली पूजा करायची परवानगी ग्रीकांना निकोमिडियात दिली, तर तिथल्या रोमनांना दिवंगत सीझरचं देऊळ निकायात. मान असा वाटला गेला, की दोघांनाही आपणच मोठे वाटावं. प्रूसाचा वक्ता डिओ ख्रिसोस्टम निकोमिडियाच्या लोकांना भर सभेत सुनावतो, की तुमच्या या बिरुदांच्या भांडणाला रोमन लोक हसतात आणि 'ग्रीकांचे दोष' म्हणून नावं ठेवतात. कुणी ऐकलं नाही. एकाने व्यायामशाळा बांधली की दुसऱ्याला मोठी हवी, एकाने नाट्यगृह काढलं की दुसऱ्याला त्याहून रुंद.

हीच भांडखोर शहरं एका गोष्टीत मात्र एकत्र येत : गेलेल्या प्रोकॉन्सलवर रोममध्ये खटला. ट्रेजनच्या काळात चार-पाच वर्षांत दोन झाले. ज्युलियस बास्सस म्हणाला, मी सणावाराला आणि वाढदिवसाला किरकोळ भेटी घेतल्या. तो दोषी ठरला, पद राहिलं, पण त्याने प्रांतात दिलेले सगळे निर्णय सिनेटने रद्द केले. दुसरा व्हारेनस रूफस. त्याच्या खटल्यात तर प्रांताने मधेच मत बदललं आणि 'आम्हाला खटला चालवायचा नाही' असा ठराव घेऊन दुसरा दूत पाठवला. सिनेटमध्ये दोन दूत, दोन ठराव! या दोन्ही आरोपींचा वकील कोण? प्लिनी. पुढे प्रांताच्या दुरुस्तीसाठी निवडला गेला तोही प्लिनीच. हे वरकरणी विचित्र दिसतं, पण दोन खटल्यांची कागदपत्रं चाळलेला माणूस त्या प्रांताच्या भानगडी इतर कुणाहून जास्त जाणत असणार. शिवाय तो पूर्वी सरकारी खजिन्याचा प्रमुख होता आणि टायबरचे काठ नि रोमची गटारं यांची देखरेखही त्याने केली होती. हिशेब आणि बांधकाम दोन्ही कळणारा माणूस सापडणं किती अवघड असतं, हे मी सांगायला नको.

इ.स. 109 ते 111 यांमधल्या एका वर्षी, 17 सप्टेंबरला तो बिथिनियात पोचला. वाटेत उन्हाने ताप भरला, मग उलटे वारे. या वेळी तो चिठ्ठीने आलेला प्रोकॉन्सल नव्हता; बादशहाने नेमलेला, कॉन्सलच्या दर्जाचे अधिकार असलेला प्रतिनिधी होता. दुसऱ्या दिवशी ट्रेजनचा वाढदिवस. पहिल्याच पत्रात तो कळवतो, की प्रूसाचा खर्च, उत्पन्न आणि येणेकरी तपासायला घेतलेत, आणि जितकं खोलात जातोय तितकी तपासणीची गरज पटतेय. शहराचा पुष्कळ पैसा खासगी लोकांनी नाना कारणांनी अडकवून ठेवलाय. आपल्या भाषेत, वसूल न झालेल्या तसलमाती. त्याने रोमहून एक मोजणीदार मागितला. ट्रेजन उत्तरतो, इथल्याच कामांना माझ्याकडे पुरेसे नाहीत, प्रत्येक प्रांतात विश्वासू माणूस मिळतो, शोध. वरच्या कचेरीचं हे उत्तर दोन हजार वर्षांत बदललेलं नाही.

आता मुख्य परिच्छेद. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक माप देतो : तेव्हा रोमन लीजनमधल्या, म्हणजे सैन्यदलातल्या, साध्या शिपायाचा वर्षाचा पगार 1,200 सेस्टर्स (रोमन नाणी) होता.

निकोमिडियाने पाणीपुरवठ्याच्या कालव्यावर 33,18,000 सेस्टर्स खर्च केले. काम अर्धवट सोडलं, इतकंच नाही तर पाडलं. मग दुसऱ्या कालव्यावर 2,00,000. तोही सोडला. प्लिनी स्वतः जाऊन झरा बघून आला. पाणी स्वच्छ आहे, कमानींवरून आणावं लागेल, जुन्या कामाचे काही दगड वापरता येतील, असं लिहितो. अडीच हजारांवर शिपायांचा वर्षाचा पगार मातीत, आणि शहर तहानलेलं. आम्ही याला 'निष्फळ खर्च' म्हणतो. ट्रेजनचं उत्तर मला पाठ आहे म्हटलं तरी चालेल : पाणी आणलंच पाहिजे, पण इतका पैसा कुणाच्या चुकीने गेला तेही शोध, एकमेकांची सोय बघण्यासाठीच कालवे काढले आणि सोडले असं व्हायला नको. साटंलोटं हा शब्द त्याला ठाऊक नव्हता एवढंच.

निकायाचं नाट्यगृह : एक कोटीहून जास्त सेस्टर्स, काम अपुरं, भिंतींना भेगा. जमीन ओली आणि भुसभुशीत म्हणून, की दगडच कच्चा म्हणून, हे प्लिनी दोन्ही बाजूंनी मांडतो. पण माझं लक्ष एका छोट्या शब्दप्रयोगावर जातं. आकडा सांगताना तो म्हणतो, 'असं ऐकतो, कारण या कामाचा हिशेब तपासलेला नाही.' एक कोटीचं काम आणि आकडा ऐकीव! 'दप्तर तपासणीसाठी उपलब्ध करून देण्यात आले नाही' हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा लिहिलंय, की तिथे वाचताना हसू आलं. नाट्यगृहाभोवतीचे मंडप आणि वरची गॅलरी बांधून द्यायचं खासगी लोकांनी कबूल केलं होतं. मूळ इमारतच अडकल्यामुळे तेही अडकले. जवळच व्यायामशाळा जळाली होती, ती आधीपेक्षा मोठी काढली. एक वास्तुविशारद सांगतो, भिंती बावीस फूट जाड असल्या तरी आत नुसता दगडगोटा भरलाय, भार पेलणार नाही. प्लिनी लगेच जोडतो, की हा माणूस पहिल्याचा प्रतिस्पर्धी आहे. तांत्रिक मत घेताना ते कोण देतोय हे लिहून ठेवणं, याला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

बिझँटियम, म्हणजे आजचं इस्तंबूल, तेव्हा याच प्रांताच्या देखरेखीखाली होतं. बादशहाला शुभेच्छांचा ठराव पोचवायला ते दरवर्षी एक दूत पाठवी, प्रवासखर्च 12,000 सेस्टर्स. उत्तरेकडच्या मोएसिया प्रांताच्या गव्हर्नरला नमस्कार करायला आणखी 3,000. म्हणजे दहा शिपायांचा पगार एका हारतुऱ्यासाठी. प्लिनीने दूत बंद केला आणि ठराव टपालाने धाडला. ट्रेजन म्हणाला, उत्तम.

सगळं त्याला जमलं असं नाही. शहरांचा पैसा पडून होता : विकत घ्यायला जमीन मिळेना आणि खासगीत ज्या व्याजाने कर्ज मिळे त्याच 12 टक्क्यांनी शहराकडून घ्यायला कुणी येईना. प्लिनी सुचवतो, व्याज कमी करू, तरी कुणी आलं नाही तर सभासदांच्या गळ्यात कर्ज घालू. ट्रेजन ठाम नाही म्हणतो. ज्यांना पैसा नको त्यांच्यावर कर्ज लादणं आपल्या काळाच्या न्यायाला शोभत नाही. इथे मला प्लिनीतला खजिनदार माणसावर मात करताना दिसतो. मीही अखर्चित निधीवर असले अव्यवहारी शेरे मारलेत, म्हणून त्याला फार नावं ठेवत नाही.

आणखी एक धागा, बरेच वाचक सुटा वाचतात तो. निकोमिडियात मोठी आग लागली; घरं गेली, मधे रस्ता असूनही आयसिसचं देऊळ आणि ज्येष्ठांचं सभागृह जळालं. शहरात ना पंप ना बादली, लोक हात बांधून बघत उभे. प्लिनीने 150 जणांचा अग्निशमन संघ मागितला, सभासदांवर नजर ठेवीन असंही लिहिलं. ट्रेजनने नाकारलं : या प्रांताला अशाच मंडळ्यांनी छळलंय, नाव काही द्या, एकत्र आले की त्यांचा गट होतो. साधनं ठेवा आणि घरमालकांनी आग विझवावी. पॉम्पीने प्रांत शहरांवर सोपवला आणि रोमला त्या शहरांतल्या माणसांच्या एकत्र येण्याचीच धास्ती, ही खरी अडचण. मंडळ्यांवरच्या याच बंदीमुळे, ख्रिश्चनांविषयीच्या त्या प्रसिद्ध पत्रात, आपण एकत्र जेवायला बसणं थांबवलं असं काही जण प्लिनीला सांगतात. त्या पत्रावरचं ट्रेजनचं उत्तर सगळे धर्माच्या इतिहासासाठी वाचतात. माझं बोट मात्र शेवटच्या ओळीवर : निनावी तक्रारी कुठल्याही गुन्ह्यात घ्यायच्या नाहीत, तो फार वाईट पायंडा आहे.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. मार्कस ऑरेलियसच्या काळात प्रांत कायमचा बादशहाकडे आला. 193 मधल्या यादवीत निकोमिडिया बादशहापदासाठी लढणाऱ्या सेव्हरसच्या बाजूने आणि निकाया अर्थातच विरुद्ध. हरल्यावर निकायाच्या वेशीवरच्या शिलालेखातली बिरुदं छिन्नीने खरवडली गेली, तो दगड आजही बघता येतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर गॉथ लोक समुद्रावरून आले आणि शहरं लुटली. बादशहा डायोक्लेशनने निकोमिडियाला राजधानीचा मान दिला आणि 303 मध्ये ख्रिश्चनांचा छळ तिथूनच सुरू झाला. बावीस वर्षांनी, 325 मध्ये, बिशपांची मोठी परिषद भरली ती निकायात. कुणाला 'पहिलं शहर' म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, प्लिनीने काही सुधारलं का. त्याच्यानंतर त्याचाच मित्र कोर्न्यूटस टर्टुलस तशाच खास अधिकारांनी तिथे गेला. याचा अर्थ मी एवढाच लावतो, की काम एका माणसाच्या कारकिर्दीत उरकलं नव्हतं. नाट्यगृहाचे अवशेष इझनिकला उभे आहेत. टेकडीचा आधार न घेता सपाट जमिनीवर, कमानींच्या जोरावर.

प्लिनीची फाईल मात्र वेगळ्याच कागदावर बंद होते. सरकारी टपालाच्या घोड्यागाड्या वापरायला परवाना लागे. मुदत संपलेला परवाना चालेल का, असं त्याने मागे विचारलं होतं आणि ट्रेजनने साफ नाही म्हटलं होतं. शेवटच्या पत्रात तो लिहितो, आजवर सरकारी कामाशिवाय मी कुणाला परवाना दिला नाही. पण बायकोला तिच्या आजोबांच्या निधनाची बातमी आली, तिला आत्याकडे जायचं होतं आणि अशा भेटीला उशिरा पोचून उपयोग नसतो, म्हणून तुम्हाला न विचारता दिला. कार्योत्तर मंजुरीचा अर्ज. ट्रेजन उत्तरतो, माझ्यावर भरवसा ठेवलास ते बरोबर, थांबून विचारलं असतंस तरी मी नाही म्हटलं नसतं. यानंतर दोघांचं एकही पत्र नाही.